मदत हवी आहे: बँकॉकमधला फ्लॅट भाड्याने देताना

नमस्कार मंडळी. बँकॉकला ऑन नट भागात माझा एक छोटा फ्लॅट आहे, इमारतीतल्या परदेशी मालकांसाठीच्या ४९ टक्के कोट्यातून माझ्याच नावावर घेतलेला. मी पुण्यात राहतो आणि तो भाड्याने द्यायचाय. तिथला एजंट म्हणतो, "रोजाच्या हिशेबाने द्या, सगळेच देतात." हे 'सगळेच' ऐकलं की मला घाम फुटतो. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने दिलं की २००४ चा हॉटेल कायदा लागतो आणि परवाना नसेल तर तो गुन्हा, एवढं मला कळलंय. म्हणून वर्षाचाच करार करणार.

खरी अडचण टीएम३० ची, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याचं कळवण्याच्या थाई फॉर्मची. भाडेकरू परदेशी असला तर तो राहायला आल्यापासून २४ तासांत इमिग्रेशनला कळवावं लागतं. मी इथून ऑनलाइन भरू शकतो का, की तिथल्या कोणाला अधिकारपत्र द्यावं लागेल? भाडेकरू सुट्टीवर बाहेरदेशी जाऊन परत आला तर पुन्हा भरायचं का? एजंट रोज वेगळं सांगतो.

दुसरं, कर. थायलंडमध्ये भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, आणि जानेवारी ते जूनच्या भाड्याचं विवरण सप्टेंबरपर्यंत वेगळं भरायचं असतं. ते स्वतः भरलंय का कोणी? आपल्या भारतातल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅट दाखवतोच, पण थायलंडला भरलेल्या कराची सवलत इथे घेताना तुमच्या सीएने कोणते कागद मागितले?

स्वतः यातून गेलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.