सिगरेट कमी करून वेप घेतलं, दम कमी लागतो पण बीपी वाढलं

सातपूरकर: नमस्कार मंडळी. वय ४३, एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. अठरा वर्षं रोज दहा-बारा सिगरेटी. दिवाळीत भाच्याने दुबईहून वेप (ई-सिगरेट) आणलं, आंब्याच्या चवीचं. "मामा, धूर नाही, नुसती वाफ." तेव्हापासून सिगरेट तीनवर आलीय. एक सकाळी, संडासला जायच्या आधी (ती काही सुटत नाही), दोन रात्रपाळीत चहाबरोबर.

फरक पडला हे खरं. पांडवलेणीच्या पायऱ्या तीनदा थांबून चढायचो, आता एकदाच थांबतो. शर्टाचा वास गेला म्हणून बायको खूश. पण घसा कायम कोरडा, आणि हात सारखा खिशाकडे. सिगरेट निदान संपते तरी, हे संपतच नाही. त्यात कंपनीच्या तपासणीत बीपी निघालं १४६/९४. वेपमुळे असेल का?

सिडकोची केमिस्ट: दादा, एका रीडिंगवर ठरवू नका, परत मोजा. पण निकोटिन नाडी आणि बीपी चढवतं, ते सिगरेटमधून घ्या नाहीतर वेपमधून. पायऱ्यांचं म्हणाल तर तंबाखू जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो आणि रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. वेपमध्ये काही जळत नाही. घसा कोरडा पडतो तो आतल्या प्रोपिलीन ग्लायकॉलने, ते पाणी ओढून घेतं.

खरी अडचण तुमच्या त्या तीन सिगरेटी. रोज एक ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोकासुद्धा वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा! ब्रिटनमध्ये सरकारच वेप सुचवतं, पण सिगरेट पूर्ण सोडून.

गोदाकाठ: आणि आपल्याकडे वेपवर २०१९ पासून बंदी आहे. आणणं, विकणं, साठवणं सगळा गुन्हा. आणण्या-विकण्याला पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; साठवण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाच्याला सांगा, पुढच्या वेळी खजूर आण.

मी निकोटिनच्या गमवर सोडली. पहिल्या दिवशी च्युइंगमसारखा कचाकचा चावला, उचक्या थांबेनात. हळू चावायचा, जिभेला झणझणलं की थांबून गालात दाबून ठेवायचा, झणझण गेली की परत चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नाही. किती मिलीग्रॅमचा ते डॉक्टरला विचारा, बीपी दाखवायला जाणारच आहात. सरकारी हेल्पलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे.

सातपूरकर: निम्मा? मी तर तीनवर आलो म्हणून पार्टी दिली होती. आज गम आणला. रात्रपाळीत चहाआधी पंधरा मिनिटं हेच जास्त अवघड वाटतंय. भाच्याला म्हटलं, तुझं यंत्र घेऊन जा, तर म्हणतो, "मामा, परत न्यायलाही बंदीच आहे ना?"