डॅफोडिलला नुसती पात, फूल एकही नाही! मदत हवी आहे

उनाड_पाऊस: गेल्या वर्षी छान फुलली होती. यंदा त्याच कंदांना गुडघ्याएवढी पात आलीये, कळी एकही नाही. पाणी, खत सगळं वेळेवर. लवकर सांगा, नाहीतर उपटून टाकणार आहे.

कुंडीबहाद्दर: उपटू नका! कुंडीत आहेत की जमिनीत? ऊन किती? "सगळं वेळेवर" म्हणजे नक्की काय हो?

निळी_झारी: थंडी कमी पडली असणार. 12 ते 16 आठवडे गारवा लागतो. कंद काढून कागदी पिशवीत घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. मी दरवर्षी हेच करते.

कुंडीबहाद्दर: हिरवी पात असताना कंद काढायचे? भलतंच! आणि फ्रिजमध्ये शेजारी सफरचंदं असली तर त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी मरते, तेही सांगा की.

निळी_झारी: आत्ता काढा असं कुठे म्हटलं मी? पात वाळल्यावरच काढतात, एवढं तर कळतं सगळ्यांना. माझे फुलतात, तुमचे?

उनाड_पाऊस: अहो, इथे बर्फ पडतो, थंडीचं काय घेऊन बसलात! जमिनीत आहेत, दुपारपर्यंत ऊन. खत लॉनला घालतो तेच.

जुनी_कुदळ: लॉनचं खत म्हणजे नत्र, त्याने पातच माजते. पोटॅश जास्त असलेलं द्या. पण गेल्या वर्षी फुलं गेल्यावर पातीचं काय केलंत?

उनाड_पाऊस: कापली. लोळत होती, घाण दिसत होती. त्याचा काय संबंध?

जुनी_कुदळ: सापडलं. पुढची कळी कंदात धरते ती त्याच पातीच्या जिवावर. फूल गेल्यावर निदान 6 आठवडे कापायची नाही, गाठी मारायच्या नाहीत, वेण्याही घालायच्या नाहीत. सुकलं फूल तेवढं खुडायचं, बी धरू द्यायचं नाही.

गोकर्णवेल: विषय निघालाच आहे तर, फुलदाणीत डॅफोडिलसोबत ट्यूलिप ठेवू नका. डॅफोडिलच्या चिकाने ट्यूलिप माना टाकतात. एकत्र ठेवायचीच तर डॅफोडिल आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवायची आणि मग त्यांचे दांडे पुन्हा छाटायचे नाहीत.

उनाड_पाऊस: आधी फूल तर येऊ दे! म्हणजे यंदाचं गेलंच?

जुनी_कुदळ: गेलं. आता पात आपोआप पिवळी पडेपर्यंत थांबा. पुढच्या वर्षी थोडी तरी फुलतील, सगळी नाही.

चाफेकळी: माझ्या जास्वंदीवर पांढरं कापसासारखं काहीतरी आलंय, इथेच विचारू का?

कुंडीबहाद्दर: पिठ्या ढेकूण. वेगळा धागा काढा.