साथ यायच्या आधी घर भरून ठेवणं: शहाणपण की साठेबाजी?

कोपऱ्यातलं_कपाट (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक निरोप फिरला. 'पुढची महासाथ दारात आहे, सहा महिन्यांचं सामान आत्ताच भरा.' खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवसांनी त्यातल्याच एकाने फोटो टाकला. पलंगाखाली सॅनिटायझरच्या बाटल्या, ओळीने, पार भिंतीपर्यंत. आधी हसू आलं, मग जरा ओशाळले, कारण माझ्याकडेही एक कपाट आहे.

२०२० साली ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. त्यानंतर काही दिवसांतच मला ताप आला. घरात मी एकटी. थर्मामीटर नाही, पॅरासिटामॉलची एकच गोळी, तीही पाकीट फाटलेली. बाहेर पडावं तर दुसऱ्यांना लागण, न पडावं तर काय घेणार? त्या रात्रीनंतर कपाट भरलं ते आजवर रिकामं होऊ दिलेलं नाही. साबण, कपड्यांची पावडर, सॅनिटरी पॅड, कचऱ्याच्या पिशव्या, नेहमीची औषधं, थर्मामीटर, जलसंजीवनीची पाकिटं, थोडं कोरडं धान्य. सगळं मिळून तीन आठवडे पुरेल इतकंच. एक वापरात, एक मागे. मागचं पुढे आलं की यादीत लिहायचं.

माझं म्हणणं एवढंच की असं कपाट म्हणजे साठेबाजी नव्हे. दुकानात काहीच गडबड नसते तेव्हा मी एकेक वस्तू जास्तीची आणते, त्यामुळे गडबडीच्या दिवशी मी रांगेत नसते. माझ्या वाटणीचा पुडा त्या दिवशी दुसऱ्या कुणाला मिळतो. जर्मनीचं नागरी संरक्षण खातं कित्येक वर्षं दहा दिवसांचा साठा ठेवा म्हणतंय. स्वीडनने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये घरोघरी पुस्तिका पाठवल्या. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने किमान ७२ तासांची तयारी घरात असू द्या असं सुचवलं. हे सगळे काय घाबरट आहेत?

तुम्हाला काय वाटतं? आणि किती ठेवता?

---

साशंक

असहमत. पहिली गोष्ट, तुम्ही दिलेल्या पुस्तिका मुख्यतः युद्ध, पूर, वीज जाणं असल्या संकटांसाठी आहेत. साथीत नळाला पाणी असतं, दिवे चालू असतात. दोन्हींची सरमिसळ करून पलंगाखालच्या बाटल्यांना सरकारी शिक्का मारू नका.

दुसरी गोष्ट, २००९ ची स्वाइन फ्लूची साथही जाहीर झालेली महासाथच होती. मी तेव्हा काडीचंही साठवलं नाही आणि माझं काही अडलं नाही. अडलं २०२० मध्ये, आणि तेही माझ्या आधी कुणीतरी तिप्पट उचलून नेलं म्हणून. टंचाई विषाणूने आणली नव्हती, शेजाऱ्याच्या पिशवीने आणली होती. तुमचं कपाट त्या पिशवीचंच सभ्य भावंड आहे.

---

चक्रमादित्य

जाता जाता, या वेडाला साथीची गरजही लागत नाही. १९७३ च्या शेवटी तेलाचे भाव भडकले तेव्हा जपानमध्ये ओसाकाजवळ कागद मिळणार नाही अशी कुणकुण लागली आणि बायाबापड्या टॉयलेट पेपरसाठी दुकानांबाहेर उभ्या राहिल्या. बघता बघता लोण देशभर. त्याच डिसेंबरात अमेरिकेत जॉनी कार्सन या विनोदी सूत्रसंचालकाने दूरचित्रवाणीवर टॉयलेट पेपरच्या टंचाईवर विनोद केला, तर लोकांनी तो खरा मानून दुकानं रिकामी केली. पुढे २०२० च्या फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये चाकू दाखवून सुमारे ६०० गुंडाळ्या पळवल्या.

सोनंनाणं राहिलं बाजूला. हलकेच घ्या.

---

गोदामवाला

वितरणाच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, म्हणून लिहितो. साशंक, तुमचं निदान अर्धंच बरोबर आहे.

समजा एका दुकानातून आठवड्याला १०० घरं साबणाचा एकेक पुडा नेतात. दुकानदार ११० मागवतो. त्याहून जास्त ठेवायला ना जागा, ना अडकवायला पैसा. आता फक्त १० घरांनी 'असू दे' म्हणत एकाऐवजी तीन उचलले. मागणी झाली १२०. शेवटची १० घरं रिकाम्या हाताने परत. त्यांना कुणी हावरट म्हणणार नाही, पण पुढच्या आठवड्यात तीही तीन-तीन नेणार. रिकामा रॅक पाहिलेला माणूस पुन्हा एकावर थांबत नाही.

खरी गंमत मागे होते. दुकानदार घाबरून दीडशेची ऑर्डर देतो. वितरकाला तशा वीस ऑर्डरी आल्या की तो त्यावर आपली भर टाकतो. कारखान्यापर्यंत जाईतो मागणी दुप्पट दिसायला लागते, आणि साबण वापरणारे हात तेवढेच असतात! चाबकाची मूठ जराशी हलवली की टोक सपकन फिरतं, तसंच हे. आमच्या धंद्यात याला चाबूक परिणामच म्हणतात. याचं पुस्तकी उदाहरण बाळांच्या डायपरचं. प्रॉक्टर अँड गँबलच्या लोकांना दिसलं की बाळं बिचारी वर्षभर एकाच वेगाने डायपर ओले करतायत, दुकानांची विक्रीही जवळपास सारखी, पण वितरकांच्या ऑर्डरी मात्र वरखाली उड्या मारतायत. साथ ओसरली की हाच माल आमच्या गोदामात पडून राहतो, कारण सगळ्यांच्या घरात चार महिन्यांचा साठा झालेला असतो.

पण मग १०० घरांनी एकेक जास्तीचा पुडा तीन महिन्यांत हळूहळू नेला तर? आठवड्याला आठेक पुडे वाढतील. १०८. दुकानदाराच्या ११० मध्ये बसतात. कुणाला कळतसुद्धा नाही. म्हणून धागाकर्तीला अनुमोदन.

आणि टॉयलेट पेपरवर सगळे हसतात, त्यातला थोडा भाग वेडेपणाचा नव्हता. कार्यालयांत जातात त्या मोठ्या गुंडाळ्या वेगळ्या, घरच्या वेगळ्या. बहुतेक यंत्रंही वेगळी, गिऱ्हाईकही वेगळं. माणसं कार्यालयातून उठून घरी बसली, तर घरचा खप वाढणारच. तिकडे मोठ्या गुंडाळ्या धूळ खात होत्या.

---

हातावरचं_पोट

सगळ्यांचं वाचलं. मला एक सांगा, तीन आठवड्यांचं जास्तीचं सामान म्हणजे काय? तीन आठवड्यांची मिळकत आधीच खर्च करणं. आमच्याकडे पैसे आठवड्याला येतात आणि आठवड्यात संपतात. मी लहान पुडी घेतो. मोठा पुडा स्वस्त पडतो हे मलाही कळतं, पण तेवढे पैसे एकदम हातात नसतात. वर पाच माणसं एका खोलीत. कपाट ठेवायचं कुठे, माझ्या डोक्यावर?

गडबड झाली की पहिला रिकामा हात आमचाच. तुम्ही शांतपणे साठवा नाहीतर धावत, लहान पुडी आधी संपते. मोठा पुडा संपला की तुमच्यासारखे लोक लहान उचलायला येतात.

---

कोपऱ्यातलं_कपाट

@हातावरचं_पोट, तुमच्या म्हणण्यावर काही बोलायला तोंड नाही. लहान पुडीचं मी कधी मनातच आणलं नव्हतं.

@साशंक, टंचाईचं बाजूला ठेवा. मला त्या रात्री टंचाईने नव्हे, घराबाहेर पडता येत नव्हतं म्हणून अडलं. कोविडमध्ये संपर्कात आलेल्यांना १४ दिवस घरात राहायला सांगत होते. दुकान भरलेलं असलं तरी मला उपयोग काय? तीन आठवड्यांचा हिशोब तिथून आलाय, रिकाम्या रॅकवरून नाही. आणि 'तुमच्या कपाटाने माझ्या वाटचं नेलं' म्हणता, ते कधी? मी जूनमध्ये घेतलेला साबण तुम्हाला मार्चमध्ये कसा कमी पडला?

---

साशंक

साबणाचं मान्य. आता मास्कचं बोलू.

तुमचा सगळा डोलारा 'शांत काळ' या शब्दावर उभा आहे. शांत काळ संपला हे कळतं कधी? संपल्यावर! २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत ज्यांनी मास्कचे खोके उचलले त्यांनाही वाटत होतं, आपण वेळेआधी, शहाण्यासारखं घेतोय. त्यांच्या गल्लीत एकही रुग्ण नव्हता. पण चीनमधली इस्पितळं तेव्हाच भरली होती, आणि मास्क साऱ्या जगाला बऱ्याच अंशी तिथूनच येत होते. ३ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की साथ सुरू झाल्यापासून सर्जिकल मास्कचा भाव सहापट, एन-९५ चा तिप्पट झालाय, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना महिन्याला ८ कोटी ९० लाख मास्क लागतील. म्हणजे तुमच्या व्याख्येने जे तयारीवाले, ते प्रत्यक्षात परिचारिकेच्या तोंडावरचा मास्क ओढत होते. साबण जूनमध्ये घेतलात, छान. पण हे निरोप जूनमध्ये फिरत नाहीत हो. बातमी आली की फिरतात. आता गायींमधल्या बर्ड फ्लूची बातमी आली की बघा.

---

गोदामवाला

इथे साशंकना गुण. बातमी आली की शांत काळ संपला असं समजायचं. त्या दिवसापासून नेहमीपेक्षा एक पुडाही जास्त नाही.

---

औषधवाली

काउंटरच्या आतल्या बाजूने चार शब्द. साबणापेक्षा मला औषधांची जास्त भीती वाटते.

मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोविडवर चालतं अशी हवा झाली. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आणि संधिवाताचे रुग्ण ते वर्षानुवर्षं घेतात. अचानक नेहमीच्या रुग्णांना गोळी मिळेना, कारण निरोगी माणसांनी पाकिटं घरी नेऊन ठेवली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २८ मार्चला दिलेली तातडीची परवानगी १५ जूनला मागे घेतली. तोवर व्हायचं ते झालं. तेव्हा 'असू दे' म्हणून दुसऱ्याचं औषध घरात ठेवू नका. प्रतिजैविकं तर मुळीच नकोत, विषाणूवर त्यांचा उपयोग शून्य.

स्वतःचं रोजचं औषध मात्र जरूर जास्तीचं असावं. रक्तदाब, थायरॉइड, दमा यांचं औषध संपायच्या दिवशी धावत येणारे रोज दिसतात. डॉक्टरांशी बोलून महिनाभराचं हाताशी ठेवा. इन्सुलिन उघडलेलं नसेल तर २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, आणि गोठू द्यायचं नाही. एकदा गोठलं की टाकून द्या. म्हणजे त्याचा साठा फ्रिजच्या भरवशावर, हे लक्षात असू द्या.

पॅरासिटामॉल ठेवा, पण सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांतही तेच असतं. साठा भरपूर असला की लोक ही घेतात, ती घेतात, आणि यकृत बिचारं गप्प बसून सोसतं. मोठ्या माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून.

पलंगाखालच्या बाटल्यांबद्दल: सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल असेल तरच उपयोग, आणि तेवढं असेल तर ते पेट घेतं. एवढा साठा झोपायच्या खोलीत? घरात साबण-पाणी असताना इतकं सॅनिटायझर लागत नाहीच. ब्लीच साठवत असाल तर त्याची ताकद महिनोन्महिने उतरत जाते, उन्हाळ्यात जास्तच. आणि ते ॲसिडच्या किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

---

हातावरचं_पोट

औषधवालीताई, हे कामाचं सांगितलंत.

आमच्या मजल्यावर २०२० मध्ये काय झालं ते सांगतो. आठ खोल्यांत मिळून एक थर्मामीटर आणि एक ऑक्सिमीटर, तोही एकीच्या भावाने आणून दिलेला. ज्याच्या घरी ताप त्याच्या दाराबाहेर पिशवीत लटकायचा. वापरून, पुसून पुन्हा पिशवीत. गोळ्यांची पट्टीही तशीच, ज्याने दोन घेतल्या त्याने पगार झाला की पट्टी आणून टाकायची. वही ठेवली नव्हती. एकदा एकाने बुडवलं, त्याचं नाव अजून निघतं. तीन आठवड्यांचं कपाट नाही जमत, पण आठ घरांत एक पिशवी जमते.

---

साशंक

हे मला पटतं. धागाकर्तीच्या कपाटापेक्षा जास्त पटतं. एका घराने आठ घरांचं भरण्यापेक्षा आठ घरांनी एकाचं भरावं.

---

कोपऱ्यातलं_कपाट

साशंकना काहीतरी पटलं, हीच आजची मोठी बातमी.

कपाट मी मोडणार नाही. पण दोन बदल करते. मास्कचा एक अख्खा खोका पडून आहे, तो इथल्या दवाखान्यात विचारून देऊन टाकते. आणि थर्मामीटर, तापाच्या गोळ्या, जलसंजीवनी यांची एक पिशवी वेगळी काढून खालच्या मजल्यावर सांगून ठेवते की लागली तर दार वाजवा. लहान पुड्यांना तर आता हात लावणार नाही.

---

औषधवाली

मास्क देण्याआधी तारीख बघा, इलॅस्टिक ओढून बघा. जुनं झालं की सैल पडतं आणि मग तो चेहऱ्याला नीट बसत नाही. तसा देऊ नका. आणि ज्यावरून हे सगळं सुरू झालं तो थर्मामीटर? पिशवीत टाकण्याआधी तोही चालू करून बघा.

---

कोपऱ्यातलं_कपाट

काढून पाहिला. बंद आहे. सेल कधी मेला देव जाणे.

साशंक, एक अक्षर बोलू नका.