'काइंड ऑफ ब्लू'नंतर काय ऐकावं?

माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' आवडला, आता पुढे काय, या प्रश्नाला माझं उत्तर 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हा अल्बम. पियानोवर 'काइंड ऑफ ब्लू'मधलाच बिल इव्हान्स. २५ जून १९६१, रविवार, न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला क्लब, तिथल्या मैफलीचं हे ध्वनिमुद्रण. रात्री हेडफोन लावून त्यातलं 'माय फूलिश हार्ट' ऐका. ड्रमवर पॉल मोशनचे ब्रश इतके हळुवार फिरतात की टेबलांवरच्या ग्लासांची किणकिणही ऐकू येते. स्कॉट लफारोचा डबल बेस नुसता ठेका धरून बसत नाही. ख्यालात सारंगी गायकामागून जाता जाता मध्येच स्वतःचं काही सांगते ना, अगदी तसा बोलतो. या मैफलीनंतर अकराच दिवसांनी लफारो मोटार अपघातात गेला. वय २५. हे कळल्यापासून मला ती रेकॉर्ड दुसरं काम करता करता ऐकवत नाही.

आणि हो, 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी प्रत असेल तर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित चढ्या सुरात आहेत. ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेप मशीन हळू चाललं होतं, म्हणून नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर सूर चढतो. नव्वदच्या दशकात दुरुस्त केलेली आवृत्ती मिळवाच.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात पियानोवादक ग्लेन गूल्डने १९८१मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं बाखचं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' घ्या. वाजवताना तो गुणगुणतो, तेही ऐकू येतं.