ज्या गॅरेजने जुनी गाडी खराब केली, त्याच गॅरेजला ती पुन्हा द्यायची का?

बीटल६७
माझं मत आधीच सांगून टाकतो: मुळीच देऊ नये. आता प्रकरण ऐका.

१९६७ ची फोक्सवॅगन बीटल. मागच्या डाव्या मडगार्डला पोचा आला होता, काम एवढंच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीटलची चारही मडगार्डं बोल्टवर असतात आणि मडगार्ड नि बॉडीच्या फटीत बीडिंग, म्हणजे फट झाकणारी बारीक पट्टी असते. मडगार्ड उतरवायचं, ठोकून सरळ करायचं, रंगवायचं आणि नवं बीडिंग घालून परत बसवायचं. गॅरेजने बोल्टला हातसुद्धा लावला नाही. जागेवरच ग्राइंडर फिरवला, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली आणि बीडिंगसकट रंग मारून मोकळे झाले. ठिणग्या बाजूच्या काचेवर उडाल्या. गाडी धुतल्यावर काचेवर गंजाचे नारिंगी ठिपके उमटले, तेव्हा ते कळलं. दाराच्या कडेला पॉलिश पेपर लागून कंपनीचा मूळ रंग पार पत्र्यापर्यंत गेलाय. बाजूच्या क्रोम पट्टीच्या क्लिपा तुटल्यात. टपापासून बॉनेटपर्यंत ओव्हरस्प्रेची, म्हणजे फवारा मारताना भलतीकडे उडून बसलेल्या रंगाची खरखर, ती वेगळीच.

गॅरेजचा मालक म्हणतो, "आणा परत, सगळं फुकट करून देतो." आमच्याकडचे सगळेही म्हणताहेत, देऊन टाक. माझं म्हणणं असं की पैसे घेऊन ज्यांना चार बोल्ट काढायचा कंटाळा आला, ते फुकटात काढतील? फुकटचं काम फावल्या वेळात होतं आणि ते नवशिक्या पोराच्या हाती जातं. मी गाडी दुसरीकडे नीट करून घेणार आणि बिल यांच्याकडून वसूल करणार. पटतंय का?

रंगारी
डेंटिंग-पेंटिंग हाच माझा धंदा आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मडगार्ड न काढता रंगवलं, त्याला माफी नाही. पण "मुळीच देऊ नये" हे रागाचं बोलणं झालं. बऱ्याच देशांत कायदा गॅरेजला आधी चूक सुधारायची संधी द्या म्हणतो. तुम्ही परस्पर गाडी दुसरीकडे नेलीत की मालक हात वर करणार: आम्ही तयार होतो, यांनीच दिली नाही. मग करा वसूल.

आणखी एक. इतक्या जुन्या गाडीचे बोल्ट गंजून जाम झालेले असतात. जोर लावला की डोकं तुटतं, नाहीतर बॉडीतला नटच गरागरा फिरायला लागतो. तसं झालं असतं तर तुम्ही "गॅरेजने बोल्ट तोडले" म्हणून धागा काढला असतात. जुन्या गाडीला हात घातला की काहीतरी मोडतंच. दरवेळी ते निष्काळजीपणानेच मोडतं असं नाही.

खडूस
बोल्ट तुटेल म्हणून काढायचाच नाही, हे दात दुखेल म्हणून घास न चावता गिळण्यासारखं झालं. जाम बोल्टला आदल्या दिवशी तेल मारून ठेवतात, ऊब देतात. तरी नाही हलला तर गाडीच्या मालकाला फोन करतात. बीटलराव, फोन आला होता का?

बीटल६७
नाही.

खडूस
मग संपलं.

जुनी_चाकं
एवढ्यात नाही संपत. रंगारीदादांचा मुद्दा क्लिपांपुरता खरा आहे. जुन्या क्लिपा आणि कडक झालेलं रबर चांगल्या कारागिराच्या हातातही तुटतं. त्यासाठी कुणाला फासावर द्यायचं कारण नाही. ठिणग्यांचं मात्र तसं नाही. ग्राइंडर चालवताना काचेवर ओलं जाड फडकं किंवा वेल्डिंगची चादर टाकायची हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. तिथे गाडीचं वय मध्ये येत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळाच: यातलं परत काय येतं आणि काय येत नाही? ओव्हरस्प्रे बहुतेक वेळा क्ले बारने (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणाऱ्या मातीसारख्या वडीने) निघतो. भरपूर वंगण, हलका हात आणि धीर हवा. पण तुमच्या गाडीचा मूळ रंग एकाच थराचा आहे, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर नाही. पॉलिश केलंत की फडक्याला गाडीचा रंग लागेल. घाबरू नका, तसं होतंच. पण तो रंग आधीच पातळ आहे, आणि कुणी मशीन घेऊन दणादण बफिंग केलं तर कडा उघड्या पडतील. मला भीती आहे ती याची. ज्या हाताने दाराची कड घासून टाकली, तोच हात ओव्हरस्प्रे काढायला बफर उचलणार. दाराचा तो रंग तर गेलाच. कितीही हुबेहूब छटा मिळवली तरी १९६७ चा कारखान्यातला रंग आता तिथे नसणार.

म्हणून माझं मत अर्धं-अर्धं. मडगार्ड हवं तर त्यांच्याकडून पुन्हा करून घ्या, ते सुटं करता येतं. उरलेल्या गाडीला त्यांनी बोट लावू नये.

सर्व्हेअर
विम्याच्या कामात अशी भांडणं पाहतो. सगळे "कुणाकडे द्यावी" यावर बोलताहेत. गाडी आहे तशीच ठेवा, हे कुणीच सांगितलं नाही. क्ले बारसुद्धा लावू नका. आधी दिवसाच्या तिरक्या उजेडात फोटो, दरवेळी एक लांबून आणि एक जवळून. मग रंगाची जाडी मोजणारं मीटर. त्या काळच्या पत्र्यावर कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास मिळतो. पुन्हा रंगवलेल्या जागी आकडा दुप्पट-तिप्पट दिसतो आणि खाली लांबी असेल तर हजाराच्या वरही जातो. मडगार्डवर जागोजागी मोजून आकड्यांसकट फोटो ठेवा. जाड लांबी पुढे तडकते, तेव्हा हा पुरावा लागेल. दुसऱ्या, तटस्थ गॅरेजकडून लेखी अंदाजपत्रकही घ्या. त्यात "काय बिघडलं" आणि "कशाने" या दोन गोष्टी स्वतंत्र लिहून मागा.

त्यानंतर गॅरेजला लेखी कळवा. फोनवर झालेलं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.

रंगारी
सर्व्हेअरसाहेबांशी सहमत. फक्त मीटरच्या आकड्यावर नाचू नका. गाडी आधी कधी रंगवलेली असेल, जुनी लांबी असेल, तर तो माल आमचा नसतो. कित्येकदा घासायला घेतल्यावर खालून कुणातरी तिसऱ्याचं पाप बाहेर येतं आणि नाव आमचं जातं. काम सुरू होण्याआधीचे आकडे कुठे आहेत?

बीटल६७
आहेत. गाडी घेतानाच सगळीकडे मोजून ठेवले होते. मडगार्डावर लांबी नव्हती.

रंगारी
मग तुमची बाजू भक्कम आहे. निदान मडगार्डापुरती.

लाल_फियाट
मी उलट अनुभव सांगते. माझ्या गाडीचा बंपर घासताना पॉलिश पेपर क्रोमवर गेला होता. शोभेच्या क्रोमचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो, खाली निकेल आणि बऱ्याचदा त्याखाली तांबं. एकदा घासला की बफिंगने परत येत नाही, नव्याने प्लेटिंगच करावं लागतं. मी त्याच गॅरेजला संधी दिली, पण माझ्या अटींवर. बंपर मी निवडलेल्या प्लेटिंगवाल्याकडे जाणार आणि बिल गॅरेज थेट त्याला देणार. मालकाने कुरकुर केली, पण दिले पैसे. संधी देणं म्हणजे त्याच पोराच्या हातात पुन्हा ग्राइंडर देणं नव्हे.

खडूस
ताई, तुमचा मालक भला निघाला. सगळे तसे नसतात.

चारचाकी_चाहता
एक वेगळंच बोलतो, रागावू नका. बीटल आहे ही, जगात सगळ्यात जास्त बनलेल्या गाड्यांपैकी एक. मडगार्ड, काच, बीडिंग, सगळं नवं मिळतं. नवं घ्या, लावा, फिरा. एवढा शोक कशाला?

जुनी_चाकं
मिळतं, पण बसतं का? बाहेर बनलेली मडगार्डं लावून पाहा, भोकं जुळवताना जीव जातो. काचेवरचा जुना शिक्का नव्या काचेवर नसतो. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा, तिची ट्यूरिन सनद २०१२ ची आहे. तिचा सगळा भर मूळ आहे ते टिकवण्यावर आहे, बदलणं ही शेवटची पायरी. तुम्हाला फिरण्यापुरती गाडी हवी असेल तर तुमचं बरोबर. पण ते मालकाने ठरवायचं असतं, मोडणाऱ्याने नाही.

चारचाकी_चाहता
सनद संग्रहालयातल्या गाड्यांना ठीक आहे. रस्त्यावरच्या गाडीला ओरखडे येणारच.

जुनी_चाकं
रस्त्यावर आले असते तर मी चकार शब्द काढला नसता.

लाल_फियाट
बीटलदादा, गाडी तुमच्या ताब्यात आहे ना? बिल थकलं असेल तर बऱ्याच ठिकाणी गॅरेजला गाडी अडकवून ठेवता येते. आमच्या ओळखीत एकाने भांडणात बिल थांबवलं आणि गाडी महिनोन्‌महिने उघड्यावर पडून राहिली. त्यापेक्षा "हरकत राखून" असं पावतीवर लिहून पैसे भरा, गाडी घरी आणा, मग भांडा. आणि नेटवर वाईट शेरा आत्ताच टाकू नका. एकदा टाकलात की त्याला तुमच्याशी गोड बोलायचं कारण उरत नाही.

खडूस
शेरा न टाकण्याला माझा विरोध. उद्या त्याच गॅरेजात दुसऱ्याची गाडी जाणार.

बीटल६७
गाडी माझ्याकडेच आहे, पैसे भरलेत. शेरा नंतर टाकेन, पण टाकणार नक्की.

सगळं वाचून लेखी कळवतोय: मडगार्ड मी स्वतः उतरवून देणार, त्यांनी लांबी काढून पत्र्यापासून पुन्हा काम करायचं आणि रंगाआधी मला दाखवायचं. दाराची कड आणि ओव्हरस्प्रे दुसरीकडे, खर्च त्यांचा. क्लिपांचं सोडून देतो. उत्तरासाठी मुदतही घालणार आहे.

रंगारी
हे योग्य. एक जोडा: रंग झाल्यावर लगेच "झालं" म्हणून सही करू नका. सॉल्व्हंट (रंग पातळ करणारं द्रावण) उडून रंग बसायला काही आठवडे लागतात, घाईत घासलेल्या लांबीचे चरे तेव्हाच वर येतात. आणि काचेचं लिहिलं नाहीत. ठिपके उकरून काढलेत तरी खाली खड्डे राहतात, आणि पॉलिशने ते जात नाहीत.

सर्व्हेअर
काच पत्रात हवीच. "तशीच मूळ शिक्क्याची जुनी काच, नाही मिळाली तर तिची किंमत" असं लिहा. नुसतं "काच बदलून द्यावी" लिहिलंत तर बाजारातली सगळ्यात स्वस्त काच आणून ठेवतील.