एव्ही-१ इंजिनाचं हेड पहिल्यांदाच उतरवलंय: घरीच व्हॉल्व्ह घासू की आधी मशीन शॉप?

माळावरचा:
नमस्कार मंडळी. वडिलांचं जुनं किर्लोस्कर एव्ही-१ आहे, ५ एचपी, १५०० आरपीएमवालं. विहिरीवर मोटर बसली तेव्हापासून शेडात पोत्यांखाली पडून होतं. आता शेतीची लाइट येते रात्रीची, म्हणून कडबाकुट्टीला आणि नडीअडीला पाणी काढायला ते पुन्हा उभं करायचं मनात आहे.

डिझेल नोझलपर्यंत येतं. नोझल फ्युएल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे तपासून आणलं, फवारा चांगला पडतोय. पण हँडल मारून डिकॉम्प्रेशनचा खटका (फिरवताना आतला दाब मोकळा ठेवणारा) सोडला की हाताला जो दणका बसायला हवा तो बसत नाही. नुसतं फुस्स होतं, पांढरा धूर येतो आणि संपलं. सायलेन्सरला कान लावला तर हवा तिकडूनच जाताना ऐकू येते.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे तो जिथे टेकतो त्या कड्यावर, काळे खड्डे आहेत आणि त्या व्हॉल्व्हची कड पातळ झालीय. इनलेट बरा दिसतो. दोन सीटांच्या मधल्या पट्टीवर केसाएवढी रेघ दिसते. ती कार्बनची आहे की तडा, मला ओळखता येत नाही.

माझं शिक्षण बी. कॉम., त्यामुळे कृपया सोपं करून सांगा. पान्यांचा सेट, फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) आणि टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा) आहे. व्हिडिओत सगळे काठीला व्हॉल्व्ह चिकटवून पेस्ट लावून घासतात, तेवढ्यावर भागेल का? गावातले मिस्त्री म्हणतात, हेडला फेस मार (तळ घासून सपाट कर), गॅसकेट डबल टाक, लागेल चालायला.

रानवारा:
दादा, कशाला हात काळे करताय. तयार हेड बाजारात मिळतं, आणून बसवा. जुनं भंगारात घाला.

तेलकट_बाह्या:
रानवारा, बाजारातल्या नव्या हेडात वॉल (व्हॉल्व्हच) आणि सीट नीट बसलेत की नाही हे बघायलाही हेच सगळं यावं लागतं. तेव्हा त्यांना शिकू द्या.

माळावरचे, तुम्ही आधी पेस्टची डबी कपाटात ठेवा. पेस्ट हे सगळ्यात शेवटचं काम, आणि नवा माणूस सुरुवात तिथूनच करतो.

पहिला नंबर त्या रेघेचा, कारण तो तडा निघाला तर पुढची चर्चाच मिटली. हेड बिडाचं (ओतीव लोखंडाचं) आहे. दोन सीटांच्या मधली पट्टी सर्वांत जास्त सोसते: एका बाजूने थंड हवा आत येते, दुसऱ्या बाजूने जळका धूर बाहेर पडतो, आणि पाठीमागची पाण्याची वाट अगदी अरुंद. आपल्याकडे विहिरीचं क्षाराचं पाणी पंपातून थेट इंजिनात फिरवतात. वर्षानुवर्षं त्या वाटेत थर धरतो, गाळ बसतो, आणि पाणी वाहताना दिसत असलं तरी बिडाला ते लागतच नाही. बाहेर हात लावाल तर इंजिन कोमट, आणि पट्टी आत भाजतेय. वॉल काढलेत की हेड उलटं धरून पाण्याच्या भोकांत तार घाला. काय काय पडतंय ते बघून तुम्हालाच कळेल.

आता तडा ओळखायचा कसा. कार्बन पितळी ब्रशने काढा, पटाशी लावू नका. रॉकेलने धुऊन हेड खडखडीत वाळवा. रेघेवर पुन्हा रॉकेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, फडक्याने पार कोरडं पुसा आणि वरून पांढऱ्या खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. उमटली तर हेड प्रेशर टेस्टला द्या. पाण्याच्या वाटा बंद करून आत दाब भरतात, गळती कुठे आहे ते दिसतं. तडा पाण्यापर्यंत पोचला असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नका. बीड आधी सगळं तापवून, वेल्ड करून, सावकाश निववावं लागतं. ते करणारा माणूस सापडेपर्यंत दुसरं हेड सापडेल.

रेघ नुसती कार्बनची निघाली तर गाइडकडे वळा, म्हणजे वॉलची दांडी ज्यातून सरकते त्या नळीकडे. वॉल गाइडमध्ये घालून सीटपासून बोटाच्या पेराएवढा उचला आणि डोकं दोन्ही बाजूंना हलवून बघा. इनलेटला करा, मग एक्झॉस्टला करा, फरक बोटांना कळतो. एक्झॉस्टचं गाइड जास्त झिजतं, तिथे उष्णता फार आणि तेल कमी. गाइड ढिलं असेल तर वॉल दर वेळी नव्या ठिकाणी बसतो. टेबलावर घासून घासून तुम्ही रॉकेल न गळण्याइतका बसवाल, आणि इंजिनात पुन्हा फुस्स.

खड्डे पेस्टने काढायचे नसतात. तेवढं घासेपर्यंत सीट रुंद होते, वॉलच्या तोंडावर चर पडतो, आणि रुंद सीटवर कार्बनचा कण अडकायला जागा जास्त. कड पातळ झालेला वॉल फेकून द्या. पातळ कड तापून वाकते, नाहीतर तुकडा सुटून खाली पिस्टनवर पडतो.

लेथवाला_उद्यमनगर:
काकांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त मशीनच्या बाजूचं बोलतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं शॉप आहे, अशी हेडं येतच असतात.

क्रम महत्त्वाचा. सीट कापायच्या कटरची मधली दांडी गाइडमध्ये बसते. गाइड ढिलं तर दांडी हलते आणि सीट वाकडी कापली जाते. म्हणून आधी गाइड बदलायचं, रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारून नव्या वॉलच्या दांडीला जुळवायचं, आणि मग सीट. हे उलट्या क्रमाने करून आणलेलं हेड माझ्याकडे आलं की मी सगळं पुन्हा करायला सांगतो, गिऱ्हाईक चिडतं.

आता मिस्त्रींच्या डबल गॅसकेटबद्दल, कारण हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ११० मिमी, म्हणजे ५५३ सीसी. कॉम्प्रेशन १६.५, म्हणजे हवा १६.५ पट दाबली जाते असं धरलं तर पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा साधारण ३५.७ सीसी. त्यात गॅसकेट अर्धा मिमी जाड केलं की ८० च्या बोअरवर अडीच सीसी वाढली. कॉम्प्रेशन आलं १५.५ वर. डिझेलला स्पार्क नाही, हवा दाबून तापते त्यावरच ते पेटतं. आधीच दणका बसत नाही म्हणताय, त्यात हा उपाय म्हणजे दुखणं वाढवणं.

फेस मारण्यात दुसरी गंमत आहे. या इंजिनात जळण्याची वाटी पिस्टनमध्ये असते, हेडचा तळ सपाट. त्यामुळे हेड घासलं म्हणून कॉम्प्रेशन वाढत नाही. उलट वॉल आणि नोझलचं टोक तेवढं खाली पिस्टनकडे सरकतं. याच्या विरुद्ध, सीट खोल कापली की वॉल वर हेडात जातो आणि तिथे मेलेली जागा (हवा नुसती अडकून राहते अशी) तयार होते. म्हणून आमच्याकडे दोन्ही कामं एकाच टेबलावर होतात आणि शेवटी वॉल तळापासून किती आत आहे ते मोजतो. आधी सरळ पट्टी हेडावर उभी, आडवी, तिरपी ठेवा आणि खाली फीलर सरकवून बघा. ०.०५ मिमीचं पान कुठेच जात नसेल तर फेस मारायची गरजच नाही.

माळावरचा:
खूप खूप धन्यवाद. खडूवर काही उमटलं नाही, त्यामुळे जीव भांड्यात पडला. घासल्यावर रेघही गेली. एक्झॉस्टचं गाइड मात्र चांगलंच हलतंय, इनलेटचं नाही. पाण्याच्या भोकांतून पांढऱ्या खपल्या आणि काळी माती निघाली, शिवाय गोगलगायीचे शंख! हेड विट्याला मशीन शॉपमध्ये देतो. दोन्ही गाइडं, दोन्ही वॉल नवीन, सीट कापून. परत आल्यावर माझं काय काम उरतं?

तेलकट_बाह्या:
शंख माझ्या बघण्यात नव्हते! पाण्याच्या नळीच्या फूट वॉलला (विहिरीतल्या टोकाच्या झडपेला) जाळी बसवा आधी.

हेड आलं की आता काढा ती पेस्ट, पण बारीकच. सीटवर बोटाने पातळ थर फिरवा, काठी दोन तळव्यांत धरून हलकी मागेपुढे, मध्येच उचलून पाव फेरा पुढे. ताकद लावायची नाही. वॉलवर आणि सीटवर सगळीकडे सारख्या रुंदीचं मंद राखाडी कडं आलं की थांबा, चकाकी आणायच्या मागे लागू नका. मग पेन्सिलीने सीटवर आडव्या रेघा मारा, वॉल ठेवून पाव फेरा फिरवा. सगळ्या रेघा तुटल्या पाहिजेत. एक जरी शाबूत राहिली तर तिथे वॉल टेकत नाही, हेड परत शॉपला.

पेस्ट धुण्यात आळस करू नका. गरम पाणी, साबण, गाइडच्या आतून ब्रश. ती वाळूच असते, राहिली तर नवं गाइड खाते. धुतलं की लगेच पुसून तेलाचा हात, बीड डोळ्यादेखत गंजतं. स्प्रिंगा चढवल्या की पोर्टमध्ये (हवेच्या आणि धुराच्या वाटेत) रॉकेल ओता आणि सीटच्या बाजूने बघा. नुसता ओलावाही आला नाही पाहिजे.

नोझलखालचा तांब्याचा वायसर जुनाच टाकणार असाल तर लाल तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतो. नवा मिळाला तर उत्तम. जुन्या वायसरचा तुकडा खाली चिकटून राहिलाय का ते बॅटरी मारून बघा, दोन बसले की नोझल वर उचललं जातं.

हेड बसवायच्या आधी पिस्टनवर शिशाच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसने चिकटवा, पिस्टनच्या पिनच्या रेषेत, दोन टोकांना. हेड आवळा, हँडलने हळूच एक फेरा काढा, पुन्हा खोलून चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजा. ती जाडी म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट. तिचं माप इंजिनाच्या पुस्तकात आहे, तेच धरा. कमीजास्त आलं तर ब्लॉकखालच्या शिमांना (उंची जुळवायच्या पातळ पत्र्यांना) हात लावण्याआधी इथे लिहा. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, तीन-चार टप्प्यांत आवळा. टॉर्कचा आकडाही पुस्तकातलाच, माझ्यासकट कुणाच्या तोंडचा नको. टॅपेट (वॉलच्या दांडीवरची फट) नंतर लावायचे, कारण आवळताना गॅसकेट बसतं आणि अंतर बदलतं. इंजिन तापवून थंड झालं की पुन्हा नट बघा, पुन्हा टॅपेट बघा.

लेथवाला_उद्यमनगर:
एक राहिलं. इतकी वर्षं पडून असलेल्या इंजिनात डिझेल पंपाचा रॅक (किती डिझेल जायचं ते ठरवणारी सरकती दांडी) चिकटलेला असू शकतो. हँडल मारण्याआधी तो बोटाने सहज पुढेमागे सरकतो का, डिझेल बंदच्या जागी येतो का, ते बघाच. अडकलेल्या रॅकने इंजिन बेफाम पळत सुटलं तर गव्हर्नरचं (वेग आवरणाऱ्या यंत्रणेचं) काही चालत नाही. पहिल्या वेळी एअर क्लीनर काढून ठेवा आणि हवेच्या तोंडावर दाबायला जाड फळी जवळ असू द्या. फडकं नको, ते आत ओढलं जातं.

माळावरचा:
रॅक बघितला, गच्च आहे. डिझेल टाकून भिजत ठेवलाय. हलला नाही तर पंपवाला.