निवृत्तांचं अभ्यास मंडळ : मासिक व्याख्यानं आणि भेटींबद्दल सल्ला हवा आहे

चाफा

नमस्कार मंडळी. बोरिवलीला आमचं निवृत्तांचं एक छोटं अभ्यास मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यान आणि नंतर चहा. बँक, रेल्वे, महापालिका, शाळा, टेलिफोन अशा सगळीकडून निवृत्त झालेली माणसं आहेत. पूर्वी हॉल भरायचा. आता निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि आलेल्यांपैकी बरेच जण आभारप्रदर्शन सुरू झालं की चपला शोधू लागतात.

यंदापासून कार्यक्रम ठरवायचं काम माझ्याकडे आलं आहे. आमच्यातल्या काही जणी एकट्या राहतात. त्यांचं महिन्याभराचं बाहेर पडणं म्हणजे हाच एक शनिवार, म्हणून मला हे नीट करायचं आहे. वक्ते कुठून मिळवता? मानधन किती देता? मधुमेह, गुडघे आणि गुंतवणूक सोडून दुसरे विषय कोणते घेता? आणि आलेली माणसं एकमेकांशी बोलावीत म्हणून काय करता येईल?

आंबेमोहर

चाफाताई, आम्ही मुलुंडला अगदी याच अवस्थेतून गेलो. माझा सल्ला एकच आहे : बाहेरचे वक्ते शोधायचं वर्षभर थांबवा आणि सभासदांची यादी घेऊन बसा. प्रत्येकाच्या नावापुढे तो निवृत्त होताना काय काम करत होता ते लिहा. हुद्दा नको, काम लिहा.

आमच्याकडे महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. सभांना नेहमी मागच्या रांगेत. त्यांना बोलायला उभं केलं आणि त्यांनी विहार, तुळशी, तानसापासून भातसा आणि अप्पर वैतरणापर्यंत सातही तलाव फळ्यावर काढले. १८६० साली विहारचं पाणी आल्यावर शहर कसं बदललं, भांडुपला पाणी शुद्ध कसं होतं, एका वॉर्डात पहाटे आणि दुसऱ्यात दुपारी पाणी का येतं, पाणी सोडणारा चावीवाला नेमकं काय करतो, सगळं सांगितलं. आयुष्यभर पिंपं भरलेल्या बायकांनी त्यांना जे प्रश्न विचारले, तसे कुठल्याही प्राध्यापकाला कधी विचारले गेले नव्हते! पुढच्या वेळी निवृत्त मोटरमन आले. लोकलच्या तारांमधली वीज १५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर नेत होते, त्या काळात गाडीतले दिवे-पंखे मध्येच क्षणभर का बंद व्हायचे, हे त्यांनी समजावलं. आम्ही सगळ्यांनी तो अंधार अनुभवला होता, कारण कुणालाच माहीत नव्हतं.

ही काही आमची नवी कल्पना नाही. निवृत्तांसाठी विद्यापीठाची चळवळ १९७३ मध्ये फ्रान्समध्ये तुलूझला सुरू झाली. तिथे शिकवायला विद्यापीठाचे प्राध्यापक होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती इंग्लंडमध्ये गेली तेव्हा तिथल्या लोकांनी ठरवलं की सभासदच शिकवतील आणि सभासदच शिकतील. महिन्याला एक मोठी सभा आणि मधल्या दिवसांत आवडीनुसार घरोघरी छोटे गट. मला हीच पद्धत पटते.

आणि चहा आधी ठेवा. साडेचारला चहा, पाचला व्याख्यान, पावणेसहाला वक्त्याचं बोलणं बंद म्हणजे बंद. चहा शेवटी ठेवला की घरची ओढ लागलेली असते. आधी ठेवला की उशिरा येणाऱ्याचं व्याख्यान चुकत नाही आणि लवकर आलेल्यांच्या गप्पा होतात.

गिरणगाव

आंबेमोहर यांना +१. माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा नीट उभी राहिलीच नाही. घरी ते त्याबद्दल फारसं बोलत नसत. इथल्या ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांना बोलावलं. साचा कसा चालायचा, तिसऱ्या पाळीत डोळा लागू नये म्हणून काय करायचे, बदली कामगार सकाळी गेटवर कसे उभे राहायचे, हे मी त्या सभेत पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्याच वयाचे दोघे उठून म्हणाले, आम्हीही गिरणीतलेच. ते तिघे आता रोज संध्याकाळी भेटतात. एक विनंती : असं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घरच्यांना द्या.

चष्मेवाली

गळतीचं एक कारण कुणी सांगत नाही. ऐकू येत नाही. माझी आई श्रवणयंत्र लावते. हॉलमध्ये आवाज घुमतो, वर पंखे, मागे कपबशा. ती तासभर मान डोलावते आणि घरी येऊन सांगते, काही कळलं नाही. मग पुढच्या महिन्यात जात नाही.

माइक हवाच, "माझा आवाज मोठा आहे" म्हणणाऱ्यालाही. श्रोत्याने विचारलेला प्रश्न वक्त्याने माइकवर पुन्हा सांगायचा. पडद्यावर चित्रं दाखवताना वक्त्याच्या तोंडावरचा दिवा विझवू नका, ओठ दिसले की निम्मं समजतं. खुर्च्या अर्धगोलात मांडा. आणि हॉल तळमजल्यावर नसेल तर लिफ्ट चालू आहे ना, ते त्याच दिवशी बघा.

पाच_पंचावन्न

मानधनाबद्दल : सभासदाला शाल-श्रीफळाऐवजी एक पुस्तक, बाहेरच्याला रिक्षा-टॅक्सीचं भाडं आणि जमेल ते पाकीट. फुकट बोलायला आपणहून येणाऱ्यांपासून मात्र सांभाळा. आमच्याकडे एक गृहस्थ "निवृत्तीनंतरचं नियोजन" सांगायला आले आणि शेवटी फॉर्म वाटू लागले. आता आम्ही आधीच स्पष्ट सांगतो : सभेत विक्री नाही, कार्डवाटप नाही, सभासदांचे फोन नंबर मिळणार नाहीत.

विज्ञानाचे विषय हवे असतील तर चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेत चौकशी करा. १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवायचं काम करणारी माणसं आहेत.

कामाचे विषयही वर्षातून दोन-तीन घ्या, पण वेळ साधून. हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, तेव्हा फोनवर चेहरा दाखवून तो कसा द्यायचा हे ऑक्टोबरात प्रत्यक्ष करून दाखवा. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर करतात ती "डिजिटल अरेस्ट" असा प्रकार कायद्यात नाहीच आणि पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन करायचा, हे दरवर्षी सांगितलं तरी कमीच. वैद्यकीय इच्छापत्रावर (बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) वकील आणि डॉक्टर एकत्र बोलवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. मला वाटलं होतं लोक हा विषय टाळतील. उलट सगळ्यात जास्त प्रश्न त्याच दिवशी आले.

चाफा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! यादी करायला आजच बसले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर असलेल्या एक ताई आहेत, ट्रंक कॉलच्या काळातल्या. विचारलं तर म्हणाल्या, "मला भाषण येत नाही गं." आणि दुसरं, जुलै-ऑगस्टमध्ये पावसामुळे कुणी येत नाही. तेव्हा सभा बंदच ठेवता का?

आंबेमोहर

भाषण मागूच नका. दोन खुर्च्या मांडा, तुम्ही विचारा, त्या सांगतील. शिक्षिका असाल तर फारच छान जमेल. आदल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन चहा घ्या, गप्पांतले चांगले प्रसंग टिपून ठेवा आणि तेवढेच सभेत विचारा.

पावसात मोठी सभा नाही, घरातले गट. एका इमारतीतले किंवा एका गल्लीतले सहा-सात जण. कुणी पेपरातला लेख वाचतं, कुणी जुनी नाट्यपदं ऐकवतं, आमच्या एका गटात दोघी जणी मोडी शिकवतात. जिला जिना उतरवत नाही तिच्याच घरी जमायचं, हा नियम ठेवा.

खाडीकाठ

बोरिवलीचे असून कान्हेरी कुणी सुचवलं नाही? शंभराहून जास्त लेणी आहेत आणि कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे ब्राह्मी लेख आहेत. डिसेंबरच्या सभेत लेखांवर बोला आणि जानेवारीत सकाळी बघायला जा. सगळ्यांनी वर चढायची गरज नाही. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह प्रवेशापासून जवळ आहे, गुडघेवाल्यांनी तिथेच बसावं, त्यातही भरपूर बघण्यासारखं आहे. सोमवार सोडून जा.

चाफा

ठरलं. पुढच्या शनिवारी साडेचारला चहा आणि पाचला आमच्या टेलिफोनवाल्या ताई, दोन खुर्च्यांवर. उद्या त्यांच्याकडे जाते आहे. माइक सोसायटीच्या गणपतीचा मिळतोय. सभासदांपैकी अजून एक जण बेस्टमध्ये कंडक्टर होते, त्यांना मार्चसाठी विचारलं आहे. मधेच प्रश्न विचारू द्यावेत की शेवटी, एवढं सांगा.

चष्मेवाली

मधेच. शेवटपर्यंत थांबलं की प्रश्न विसरायला होतो. फक्त माइक हातात आल्याशिवाय कुणी बोलायचं नाही.